अंदमानचा किनारा आणि अंगावरची चित्रे : संपर्काच्या इतिहासाचे वाचन

प्रस्तावना

अंदमान म्हटले की मराठी वाचकाला काळे पाणी आणि सेल्युलर जेल आठवते. परंतु मार्च १८५८ मध्ये कैद्यांची पहिली तुकडी तेथे उतरली तेव्हा ही बेटे निर्जन नव्हती. ग्रेट अंदमानी, जारवा, ओंगे आणि सेंटिनेली हे समाज तेथे हजारो वर्षे राहत होते. त्यांनी भिंतीवर किंवा कागदावर चित्रे काढली नाहीत. त्यांची चित्रकला मुख्यतः माणसाच्या अंगावर होती. जी कला दोन दिवसांत पुसून जाते, तिचा इतिहास कोणाच्या नोंदींवरून लिहायचा आणि त्या नोंदींवर किती विसंबायचे, हा या पाठाचा प्रश्न आहे.

१. किनाऱ्याचे सर्वेक्षण

लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर हा मुंबई मरीनचा, म्हणजे कोकणात आंग्र्यांशी लढलेल्या कंपनीच्या आरमाराचा अधिकारी होता. १७८८-८९ मध्ये त्याने अंदमानच्या किनाऱ्याने शिडाची जहाजे फिरवून पाण्याची खोली मोजली, बंदराजोग्या जागा शोधल्या आणि नकाशे केले. १७८९ मध्ये चॅथम बेटावर वसाहत झाली. १७९२ मध्ये ती उत्तरेकडे हलवली गेली आणि रोगराईमुळे १७९६ मध्ये बंद पडली. या मोहिमांचा हेतू बंदर मिळवणे हा होता. किनाऱ्यावरच्या माणसांची नोंद त्यांत ओघानेच आली. त्यांच्याकडे धोका म्हणून किंवा नवल म्हणून पाहिले गेले.

२. माती, गेरू आणि स्त्रियांचा हात

या कलेचे तपशीलवार वर्णन मिळते ते दुसऱ्या वसाहतीनंतर. पोर्ट ब्लेअरमधील अधिकारी ई. एच. मॅन याने १८८३ मध्ये ग्रेट अंदमानींविषयी सविस्तर लेखन प्रसिद्ध केले. त्यात तीन रंगद्रव्ये येतात. राखाडी माती पाण्यात कालवून अंगाला फासत; सुतकातही ती लावत. पांढऱ्या मातीने बारीक नक्षी काढत आणि हे काम स्त्रियांचे असे. तांबडा रंग लोहयुक्त माती भाजून, तिच्यात प्राण्याची चरबी मिसळून तयार होई. नागमोडी रेषा आणि पट्टे यांची हीच नक्षी होडी, धनुष्य आणि लाकडी भांड्यांवरही दिसे.

ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन याने १९०६ ते १९०८ या काळात तेथे क्षेत्रकार्य केले आणि १९२२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. डुकराचे किंवा कासवाचे मांस खाल्ल्यावर अंगाला माती लावण्याची रीत त्याने नोंदवली. म्हणजे ही चित्रे केवळ शोभेची नव्हती. माणसाने काय खाल्ले, तो सुतकात आहे की नाचाच्या तयारीत, हे त्याच्या अंगावरून कळत असे.

३. नोंदीची किंमत

आता याच काळातील जनगणनेचे आकडे पाहा. १८५८ च्या सुमारास ग्रेट अंदमानींची संख्या काही हजार होती, असा अंदाज केला जातो. १९०१ मध्ये ती ६२५, १९३१ मध्ये ९० आणि १९६१ मध्ये अवघी १९ उरली. १८७७ ची गोवराची साथ आणि उपदंश हे वसाहतीबरोबर आलेले रोग होते. म्हणून रॅडक्लिफ-ब्राउनचे वर्णन ‘प्राचीन, अबाधित’ समाजाचे मानता येत नाही. ते पन्नास वर्षांच्या पडझडीनंतरचे आहे.

एम. व्ही. पोर्टमन याचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८९० च्या दशकात त्याने अंदमानींची असंख्य छायाचित्रे घेतली. ती आज मोलाचे साधन मानली जातात. त्याच पोर्टमनने १८८० मध्ये उत्तर सेंटिनेल बेटावरून सहा जणांना पोर्ट ब्लेअरला नेले होते. ते आजारी पडले, दोघे वृद्ध मरण पावले आणि चार मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आले. कला टिपणारा आणि आघात करणारा हात येथे एकच आहे.

४. तुलना : जबलपूरच्या शेजारचे गोंड चित्र

जबलपूरहून नर्मदेच्या वरच्या अंगाला मंडला आणि दिंडोरी हे जिल्हे आहेत. तेथील गोंड स्त्रियाही छुई ही पांढरी माती आणि गेरू यांनी घराच्या भिंती व अंगण सजवतात. ही नक्षीही पावसात जाते आणि सणाला पुन्हा काढली जाते. पाटनगढच्या जनगढसिंह श्याम यांनी १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात या परंपरेला कागदावर व कॅनव्हासवर नवे रूप दिले. १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात होती. त्यांच्या चित्रांवर त्यांचे नाव आहे. अंदमानच्या नोंदींत मातीचे प्रकार सापडतात, पण नक्षी काढणाऱ्या स्त्रीचे नाव सहसा सापडत नाही. साहित्य जवळपास सारखे आहे. फरक पडला तो नोंद कोणाच्या हाती होती यामुळे.

५. आजचा संदर्भ

१९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाने राखीव क्षेत्रांतील प्रवेशावर बंधने घातली. जारवा क्षेत्रातून जाणाऱ्या महामार्गाचा तेथील भाग बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. तरीही रस्ता वाहता राहिला आणि पर्यटक जारवांना ‘पाहायला’ जात राहिले. एकोणिसाव्या शतकातील जहाजावरून आणि आजच्या मोटारीच्या खिडकीतून पाहणाऱ्याची नजर फारशी वेगळी नाही.

सारांश

संपर्काची साधने वापरताना तीन गोष्टी तपासाव्यात : नोंद करणारा तेथे कशासाठी गेला, नोंदीच्या वेळी त्या समाजाची अवस्था काय होती, आणि नोंदीत कोणाचे नाव गाळले गेले.

स्वाध्याय

१. ब्लेअर आणि मॅन यांच्या नोंदींच्या हेतूंतील फरक स्पष्ट करा.
२. तुमच्या भागातील भित्तिचित्र किंवा रांगोळीची परंपरा निवडा. तिची नोंद कोणी व कशासाठी केली, याचा शोध घ्या.