स्वमूल्यमापन (यवतमाळ जिल्हा)

आपली प्रकृती, मनःस्थिती किंवा कुवत यांविषयी माणसाने स्वतःच दिलेला कौल. तो प्रश्नावलीने मोजतात. मॉरिस रोझेनबर्ग यांची आत्मसन्मान मापनश्रेणी (१९६५) १० विधानांची आहे. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या चाळणीत ९ प्रश्नांना प्रत्येकी ० ते ३ असे एकूण २७ गुण असतात.

यवतमाळात हा विषय पुस्तकातच राहिला नाही. कापूस उत्पादकांच्या संकटामुळे विदर्भातील ६ जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधान पॅकेज आले, त्यात यवतमाळ होता. पुढे राज्याच्या प्रेरणा प्रकल्पातील १४ जिल्ह्यांतही तो आला आणि आशाताई (गावातील आरोग्यसेविका) घरोघरी मनाची विचारपूस करू लागल्या.

भाषा : जिल्ह्यात वऱ्हाडी, गोरमाटी, गोंडी आणि कोलामी बोलतात, शेवटच्या दोन द्राविडी कुळातल्या. छापील प्रश्नात ‘उदास’ असते, ओसरीवर मात्र ‘टेन्शन हाये’, ‘मन लागत नाही’, ‘जीव घाबरते’ असे ऐकू येते. निंदणाच्या दिवसांत थकवा रोजचाच, म्हणून तो त्रासात धरला जात नाही. ‘काही दिवस’ आणि ‘अर्ध्याहून जास्त दिवस’ या उत्तराच्या पर्यायांतला फरक दिवसमजुरी करणाऱ्या बाईला बोटांवर मोजून सांगावा लागतो. बाजेवर सासू बसलेली असेल तर उत्तर एकच : ‘चाललं हाये.’ प्रस्तुत नोंदकाराच्या मते अर्धे मोजमाप इथेच ठरते.

तुलना : स्टीव्हन हाइने व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की माणूस स्वतःला आपल्याच लोकांशी ताडून गुण देतो. शेजारच्या वावरातही बोंडे सडलेली असतील, तर आपले दुःख वेगळे काढून सांगण्याजोगे वाटत नाही. त्याच वर्षी अमर्त्य सेन यांनी केरळ-बिहारचा दाखला दिला : आयुर्मान केरळात जास्त, पण आजारपण सांगणारेही तिथेच जास्त, शिक्षण आणि दवाखाना जवळ असला की दुखण्याला नाव मिळते. त्यामुळे कोलाम पोडावरचे (वस्तीवरचे) कमी गुण आणि यवतमाळ शहरातले जास्त गुण शेजारी मांडून पोड सुखी आहे असे म्हणणे चूक ठरेल.

व्यक्तिमत्त्व : चिंताळू स्वभावाची माणसे शारीरिक तक्रारीही अधिक नोंदवतात.

शेतकरी आत्महत्या आणि असे गुण यांचा संबंध वादाचा असल्याने येथे घेतलेला नाही.

ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते.