पांजरपोळाचा हिशोब

पर्युषणात जीवदयेची पावती फाडताना मला भुलेश्वरचा पांजरपोळ आठवतो. त्याचे मूळ गायींत नाही, कुत्र्यांत आहे. मुंबईत इंग्रज सरकार भटकी कुत्री मारवी आणि दर कुत्र्यामागे बक्षीस देई. जून १८३२ मध्ये पारशी चिडले, दंगल झाली, जैन-हिंदूही त्यात आले. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि आपले मोतीशा शेठ यांनी पांजरपोळ उभा केला. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी मालावर लागा बसवला.

कुत्रा दूध देत नाही, शेणाचाही उपयोग नाही. तरी त्याच्यासाठी शेठजींनी पैसा मोजला, हे मला फार मोठे वाटते. आज तिथे मुख्यतः गायी आहेत. गायीच्या नावाने दान पटकन निघते, मीही तसेच देते. पण आपल्या शास्त्राप्रमाणे इंद्रिये मोजली, तर गाय पंचेंद्रिय आणि पिंजऱ्यातली कोंबडीही पंचेंद्रियच. एका गायीच्या वर्षाच्या चाऱ्याच्या पैशांत किती कोंबड्यांचे हाल कमी होतील, हा हिशोब आमच्या घरात कधी झालाच नाही. सासूबाईंना विचारले. म्हणाल्या, "गायीचा चारा बंद करू नकोस, दुसरी पावती फाड." कुठली, ते अजून ठरलेले नाही.