दगडीचा जंतू आणि वेणांची वेळ

आज राजे नाहीत, लढाया नाहीत. आजची गोष्ट एका जंतूची.

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला. नववा महिना. "मामा, ग्रुप बी स्ट्रेपची तपासणी पॉझिटिव्ह आलीय. डॉक्टर म्हणतात, औषध वेणा सुरू झाल्यावर देऊ. जंतू आज आहे, तर औषध आज का नाही?"

प्रश्न रास्त होता. हे उत्तर सापडायला डॉक्टरांनाही बरीच वर्षं लागली.

हा जंतू आधी ओळखला गेला तो गोठ्यात. गाईला दगडी होते, कास सुजते, दूध तुटतं. त्यावरूनच त्याचं शास्त्रीय नाव पडलं 'ॲगॅलॅक्टिए', म्हणजे दूध नसलेला. १९३३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रेबेका लान्सफिल्ड या बाईंनी स्ट्रेप्टोकोकसचे गट पाडले. त्यात हा 'बी' गट. दोनच वर्षांनी तो बाळंतिणींच्या योनिमार्गातही सापडला; पण त्या बहुतेक ठणठणीत होत्या. १९३८ मध्ये फ्राय यांनी या जंतूने दगावलेल्या तीन बाळंतिणींची नोंद केली. तरी फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेत मात्र जन्मून एक-दोन दिवसही न झालेली बाळं या जंतूने दगावू लागली. पेनिसिलिन तर कधीचं हाताशी होतं! गरोदरपणात गोळ्या देऊन पाहिल्या, जंतू जायचा आणि बाळंतपणापर्यंत परत यायचा. कारण त्याचं खरं बिऱ्हाड आतड्यात. अंगण झाडलं, घर तसंच राहिलं.

मग शिकागोच्या बॉयर आणि गोटॉफ यांनी वेळ बदलली. जंतू असलेल्या आणि धोका जास्त असलेल्या काही स्त्रियांना वेणा चालू असताना शिरेतून ॲम्पिसिलिन दिलं. १९८६ साली निकाल छापला: औषध न दिलेल्यांच्या ७९ बाळांपैकी पाचांच्या रक्तात जंतू, दिलेल्यांच्या ८५ पैकी एकाच्याही नाही. मला या आकड्यांपुढे थोडं थांबावंसं वाटतं. औषध तेच होतं, फक्त घड्याळ वेगळं.

पुढे १९९६ मध्ये अमेरिकेत मार्गदर्शक सूचना आल्या, २००२ पासून सरसकट तपासणी. आता ती ३६-३७ व्या आठवड्यात होते. पहिल्या आठवड्यातला हा आजार १९९० च्या सुमारास हजारी पावणेदोनच्या आसपास होता, तो २०१५ पर्यंत पाव टक्का नव्हे, हजारी पावावर आला. आठवड्यानंतर होणारा आजार मात्र या उपायाने थांबत नाही.

ब्रिटनने सरसकट तपासणी स्वीकारली नाही. ताप, मुदतीआधीच्या कळा अशी लक्षणं पाहून ते औषध देतात. आपल्याकडेही सरसकट तपासणी नाही. २०१६ च्या दिल्लीतल्या मोठ्या अभ्यासात नवजातांच्या रक्तात मुख्यतः ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला असे वेगळेच जंतू सापडले. त्यामुळे अमेरिकेचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालवावं का, हा वाद खरा आहे.

भाचीला मी एवढंच सांगितलं: पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आत्ताच सांगून ठेव. आणि कळा सुरू झाल्या की निघ, औषध पोटात बाळापर्यंत पोचायला निदान चार तास मिळाले तर बरं.