दक्षिणेपासून अर्जापर्यंत : सरकारी शिष्यवृत्तीची वाटचाल

दहावी-बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामांच्या कार्यालयांत दाखल्यांसाठी वर्दळ सुरू होते आणि त्याबरोबर एक प्रश्नही येतो : सरकारी शिष्यवृत्ती आपल्या लोकांना मिळते का? या प्रश्नाच्या तळाशी दोन समजुती असतात, असा आमचा अनुभव आहे. एक अशी की, सरकारकडे शिक्षणासाठी पैसे मागणे म्हणजे हात पसरणे; स्वतःच्या वाडीवर किंवा होडीवर पोट भरणाऱ्या कुटुंबाला ते शोभत नाही. दुसरी अशी की, या सवलती कुणा दुसऱ्यांसाठीच असतात. आपण अर्ज करून काय उपयोग? या दोन्ही समजुतींना इतिहासात उत्तर आहे. तो इतिहास आपल्याच मातीतला आहे, म्हणून तो थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

महाराष्ट्रात राज्यकर्त्याच्या तिजोरीतून विद्येला साहाय्य देण्याची रीत इंग्रजांच्या आधीपासूनची आहे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तरी एल्फिन्स्टनने ही रीत एकदम मोडली नाही. दक्षिणेच्याच निधीतून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. तथापि, हा पैसा सर्व रयतेच्या करातून येतो, मग तो एकाच जातीच्या पदरात का पडावा, हा प्रश्न पुण्यातीलच काही सुधारकांना पडला. दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेला उत्तेजन म्हणून द्यावा आणि ते सर्व जातींना खुले असावे, असा अर्ज त्यांनी १८४९ मध्ये सरकारकडे केला. त्यांत लोकहितवादी होते. सनातन्यांचा रोष अनावर झाला, तेव्हा जोतीराव फुले कष्टकऱ्यांना सोबत घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि महाविद्यालयांतील हुशार विद्यार्थ्यांसाठी दक्षिणा फेलोशिप निघाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या फेलोशिपचे मानकरी होते. दान जन्म पाहून दिले जाते आणि शिष्यवृत्ती गुण पाहून. या बदलाची सुरुवात अशी एका अर्जाने झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परंतु केवळ गुण पाहणे पुरेसे आहे काय? हा पुढचा प्रश्न जोतीरावांनीच विचारला. १८८२ च्या ऑक्टोबरात त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. त्यातील शिष्यवृत्तीविषयीचा मुद्दा आजही विचार करायला लावतो. स्पर्धेने शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत वरवर न्याय्य दिसते. पण ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलेच नाही, त्यांच्यात त्याचा प्रसार तिने होत नाही, असा त्यांचा आशय होता. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी राखून ठेवाव्यात, असे त्यांनी सुचविले. धावण्याच्या शर्यतीत एकजण मैदानावर उभा आणि दुसरा विहिरीच्या तळाशी, अशी स्थिती असेल तर आधी दुसऱ्याला दोर द्यावा लागतो. शिष्यवृत्ती हा तो दोर होय, अशी दृष्टी या निवेदनाने दिली.

ती दृष्टी प्रथम कृतीत उतरविली ती संस्थानिकांनी. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले. १९१३ मध्ये त्याच विद्यार्थ्याला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मंजूर झाली. तिच्यासोबत करारपत्र होते : शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करावी. १९१७ मध्ये आंबेडकर त्याप्रमाणे बडोद्यास रुजू झाले. परंतु परदेशी विद्यापीठाची पदवी असूनही अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहायला जागा मिळेना आणि अखेर ते बडोदे सोडून गेले. विद्येचा खर्च भागविणे एक आणि विद्यावंताला माणूस म्हणून स्वीकारणे दुसरे, हा धडा त्या प्रसंगाने दिला.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आणखी एक गोष्ट ओळखली. गरीब मुलाच्या शिक्षणाला अडथळा केवळ फीचा नसतो; शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा त्याहून मोठा प्रश्न असतो. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा, इमारती आणि उत्पन्न देऊन उभे केले. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा अनेकांची वसतिगृहे तेथे झाली. त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही होते. महाविद्यालयाची फी माफ झाली तरी खोलीचे भाडे आणि खाणावळ परवडत नाही म्हणून मूल घरी परत येते, हे आजही घडते. शाहू महाराजांनी ते शंभरहून अधिक वर्षांपूर्वी जाणले होते.

तरीही राजाची कृपा ती कृपाच. राजा बदलला की ती आटू शकते. शिष्यवृत्ती कृपेच्या कक्षेतून काढून सरकारी अंदाजपत्रकात आणण्याचे श्रेय, ज्याने ती कृपा स्वतः अनुभवली होती त्या विद्यार्थ्याकडेच जाते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झालेल्या डॉ. आंबेडकरांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. बनारस आणि अलिगढ येथील विद्यापीठांना सरकार दरवर्षी लाखोंचे अनुदान देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी का नाही, हा त्यांचा सवाल होता. त्यातून दरसाल तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. १९४८-४९ मध्ये ती आदिवासींना लागू झाली. आज देशभर चालणाऱ्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्यांचे मूळ या योजनेत आहे. दात्याच्या दारी जाऊन उभे राहण्याऐवजी छापील अर्ज भरून, नियमात बसत असल्याचे दाखवून, हक्काने मागणे येथून सुरू झाले.

येथेच आपल्या समाजाचे एक जुने दुखणे सुरू होते. १९३६ च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात कोणाही भारतीय ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीची मानू नये, अशी तरतूद होती. स्वातंत्र्यानंतर १० ऑगस्ट १९५० रोजी निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. परिणामी एकाच वस्तीतील, एकाच जातीच्या छळाचा वारसा सांगणाऱ्या दोन घरांपैकी एका घरातील मुलाला शिष्यवृत्ती मिळते आणि दुसऱ्या घरातील मुलाला बाप्तिस्मा झाला म्हणून ती नाकारली जाते. या भेदाला आव्हान देणारी याचिका २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा, अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक आयोग नेमण्यात आला. आदिवासींच्या बाबतीत मात्र अशी धर्माची अट आदेशात नाही. धर्मांतराने आदिवासीचे आदिवासीपण जात नाही, हे १९५० पासूनचे सूत्र आहे. आमच्या ठाणे-पालघरकडील आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांना हे पुष्कळदा ठाऊक नसते. ते त्यांना सांगणे आपले काम आहे.

जातीच्या निकषाबरोबर उत्पन्नाचा निकष आला तो महाराष्ट्रात, यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत. १९५९ मध्ये त्या वेळच्या द्विभाषिक मुंबई राज्यात आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी फीमाफीची योजना निघाली. ग्रामीण महाराष्ट्राने तिला ‘ईबीसी’ या तीन अक्षरांनी ओळखले. वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असलेल्या घरातील मुलाची फी सरकार भरू लागले; मग ते घर कोणत्याही जातीचे वा धर्माचे असो. शेतकऱ्यांच्या घरांतील पहिल्या पदवीधरांची एक पिढी या तीन अक्षरांवर उभी राहिली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तहसील कचेरीतून आणावयाचा उत्पन्नाचा दाखला घरोघरी ठाऊक झाला तोही याच योजनेमुळे. केंद्र सरकारने १९६१ मध्ये गुणवंतांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आणि १९६३ मध्ये बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती सुरू केली. कर्ज घेऊन शिकलेला विद्यार्थी पुढे शिक्षक झाला, तर सेवेच्या प्रत्येक वर्षागणिक कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. ज्याला समाजाने शिकविले त्याने समाजाला शिकवावे, हा त्यातील विचार किती सुंदर होता!

पुढील काळात शिक्षणाचा खर्च मात्र शिष्यवृत्तीच्या पुढे धावू लागला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. बाहेरच्या राज्यांत जाणारी मुले घराजवळ शिकू लागली हे खरे. पण फीचा आकडा शेकड्यांतून हजारांत आणि नंतर लाखांत गेला. २००१ मध्ये बँकांच्या शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली. तिच्यात चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे ठरले. परंतु कर्ज ते कर्जच. ज्या घरात आधीच सावकाराची धास्ती आहे, तेथे पालक त्याच्या वाटेला जाण्यास कचरतात.

२००६ मध्ये न्यायमूर्ती राजेंद्र सच्चर समितीचा अहवाल आला. त्याच वर्षी अल्पसंख्याकांसाठीच्या पंतप्रधानांच्या पंधरा कलमी कार्यक्रमाची घोषणा झाली. पाठोपाठ २००७ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. ख्रिस्ती विद्यार्थी त्यांत प्रथमपासून पात्र होते. मागील परीक्षेत पन्नास टक्के गुण आणि ठरावीक मर्यादेतील कौटुंबिक उत्पन्न, या मुख्य अटी होत्या. तीस टक्के शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखीव होत्या. महाराष्ट्रात जुन्या ईबीसी योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि २०१७ मध्ये तिची उत्पन्नमर्यादा आठ लाखांपर्यंत गेली. २०१९ च्या घटनादुरुस्तीनंतर खुल्या प्रवर्गातील दुर्बल घटकांना प्रमाणपत्र मिळू लागले. त्यालाही धर्माची आडकाठी नाही. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या, या दुर्बल घटकांतील, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली. १८४९ च्या त्या अर्जापासून मोजले तर पावणेदोनशे वर्षांचा हा प्रवास आहे.

मग आपली मुले मागे का राहतात? आमच्या पाहण्यात येणारे कारण बहुधा पात्रतेचे नसून कागदाचे असते. अर्ज आता संगणकावर भरावा लागतो. २०१५ पासून केंद्राचे आणि २०१७-१८ पासून राज्याचे संकेतस्थळ त्यासाठी आहे. यंत्राला माणसाची ओळख पटते ती अक्षरांनी. आपल्या घरांत एकाच मुलाचे नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक, शाळेच्या दाखल्यात दुसरे आणि आधारपत्रावर तिसरे असते. कुठे डिसोजा, कुठे डिसोझा. कुठे आजोबांचे नाव, कुठे घराण्याचे. एका अक्षराच्या फरकाने मंजूर झालेली रक्कम खात्यात जमा होत नाही. उत्पन्नाचा दाखला ऐनवेळी निघत नाही. शिवाय काही योजनांत फी आधी भरावी लागते आणि सरकारचे पैसे मागाहून येतात. तोवरची सोय गरीब पालकाला करता येत नाही. ही तोवरची सोय धर्मग्रामातील पतपेढ्या, संघटना आणि सुस्थितीतील कुटुंबे बिनव्याजी रकमेने करू शकतात. मूल आठवीत असतानाच कागदपत्रांतील नावे एकसारखी करून घेण्याची सवयही आपण लावू शकतो. नियम आणि मुदती दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची सूचना वाचल्याशिवाय अर्ज भरू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. उत्पन्न खोटे दाखवून घेतलेली शिष्यवृत्ती ही सरकारची फसवणूक तर आहेच. शिवाय तरतूद ठरावीक असते तेथे ती शेजारच्या गरीब मुलाच्या ताटातून उचललेली भाकर आहे. ज्याला गरज नाही त्याने मागू नये, हे जितके खरे, तितकेच ज्याला गरज आहे त्याने लाजून मागे राहू नये, हेही खरे.

अर्ज हा शब्द आपल्याकडे विनंती या अर्थाने फारसीतून आला. दरबारात हात जोडून करावयाची ती विनवणी. फुले, शाहू आणि आंबेडकर यांच्या परिश्रमांनी त्या शब्दाचा अर्थ बदलला आहे. आता त्या कागदावर सही करणारा विद्यार्थी कुणाची कृपा मागत नसतो. आपल्या आईवडिलांनी भरलेल्या करांतून, आपल्या पूर्वसुरींनी झगडून मिळविलेला वाटा तो घेत असतो. तो त्याने ताठ मानेने घ्यावा, आणि शिकून मोठा झाल्यावर मागून येणाऱ्या एका मुलाचा अर्ज जवळ बसून भरून द्यावा.