उशिराच्या गाडीमुळे पुढची गाडी चुकली तर

परभणीहून मनमाड आणि मनमाडहून भोपाळ, अशी दोन वेगळी रिझर्व्हेशनची तिकिटं काढली. पहिली गाडी लेट झाली, दुसरी निघून गेली. बहुतेक लोक नशिबाला बोल लावून नवं तिकीट काढतात. पण 1 एप्रिल 2019 पासून रेल्वेने दोन पीएनआर एकमेकांना जोडायची सोय केली आहे. ते जोडलेले असतील तर राहिलेल्या प्रवासाचं भाडं परत मिळतं, कॅन्सलचे पैसे कापत नाहीत. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची माहिती मात्र तंतोतंत तीच हवी. (एकावर ‘शेख’, दुसऱ्यावर ‘शेक’ असं आपल्याकडे सर्रास होतं, तेवढं सांभाळा.)

पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून 3 तासांच्या आत खिडकीवरचं तिकीट त्याच स्टेशनवर जमा करायचं. ऑनलाइन तिकीट असेल तर तेवढ्याच वेळात टीडीआर भरायचा. घरी जाऊन बघू म्हणाल तर पैसे गेले.

भाड्यापलीकडे नुकसान झालं तर ग्राहक आयोग आहे. 2016 मध्ये अजमेर–जम्मू गाडी चार तास लेट झाली आणि एका कुटुंबाचं जम्मूहून श्रीनगरचं विमान चुकलं. पुढे टॅक्सी करावी लागली. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांची 30,000 रुपयांची भरपाई कायम ठेवली, कारण उशीर का झाला हे रेल्वेला सांगता आलं नाही. म्हणजे दर वेळी भरपाई मिळेलच असं नाही. तरी टॅक्सी, हॉटेलच्या पावत्या जपा. तक्रार 2 वर्षांच्या आत, आपल्याच जिल्ह्यात करता येते.