पुण्याची वेधशाळा आणि लोकांचे आकाश

भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये 1888 च्या सुमारास वेधशाळा, म्हणजे दुर्बिणींनी ग्रहताऱ्यांची निरीक्षणे नोंदवणारी संस्था, उभी राहिली आणि कावसजी नाएगमवाला तिचे प्रमुख झाले. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणात, जेव्हा चंद्र सूर्यबिंब पूर्ण झाकतो, त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे वेध घेतले, तर अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तेथेच आले होते. 1912 मध्ये वेधशाळा बंद होऊन तिची 20 इंची परावर्ती, म्हणजे आरशाने प्रकाश एकवटणारी, दुर्बीण कोडाईकनालला गेली. मात्र 1944 मध्ये पुण्यातच स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने व्याख्याने आणि आकाशदर्शन यांद्वारे खगोलशास्त्र सामान्यांपर्यंत नेले, आणि गावोगावच्या जिज्ञासूंसाठीही हाच वारसा मोलाचा आहे.