कॉलेजचा जमाखर्च : ठाणें आणि कल्याण

मुंबईहून ठाण्यास आगगाडी १८५३ सालीं आली. मुंबई विद्यापीठ त्यानंतर चार वर्षांनीं स्थापन झालें. गाडी दाराशीं असल्यानें ठाणेंकर विद्यार्थी दीर्घकाळ मुंबईचीच वाट धरीत. ठाण्याचें विद्या प्रसारक मंडळ १९३५ चें. परंतु त्याला कॉलेज काढण्यास १९६९ साल उजाडलें.

कॉलेज काढणें निराळें आणि तें चालविणें निराळें. इमारत एका देणगींत उभी राहते. पगार मात्र दरमहा द्यावा लागतो. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज काढलें, तेव्हां तिच्या आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर काम करून हा भार वाहिला. कल्याणास उद्योगाचा आधार लाभला. जवळच शहाडला बिर्लांचा रेयॉनचा कारखाना; १९७२ सालीं निघालेलें कॉलेजही बिर्लांच्याच नांवाचें.

पुढें सरकारी वेतन-अनुदान आलें आणि चिटणीस-खजिनदारांची मोठी चिंता मिटलीशी वाटली. परंतु अनुदान मंजूर पदांना मिळतें. पद रिकामें राहिलें, कीं वर्ग तासांवर नेमलेल्या अध्यापकाकडे जातो. नव्वदच्या दशकापासून वाढलेल्या विनाअनुदान अभ्यासक्रमांचा भार तर मुख्यतः शुल्कावरच, म्हणजे पालकांवर आहे.

फर्ग्युसनच्या आजीव सभासदांनीं तूट स्वेच्छेनें पत्करली होती. तासांवरच्या अध्यापकाला ती पत्करावी लागते, आणि कोणत्याच ताळेबंदांत ती दिसत नाहीं.